धार असते ती कागदाला

१. मशीन फिरतंय, मग लाकूड का घासलं जात नाही?

“सँडर नवा आहे, आवाजही दणदणीत करतो, पण एकाच जागी दहा मिनिटं फिरवूनही जुनं पॉलिश निघत नाही. मशीनमध्येच काही बिघाड असेल का?” घरच्या घरी टेबल किंवा दार घासायला घेणाऱ्याला हा प्रश्न हमखास पडतो. मशीन दुकानात परत न्यायची तयारीसुद्धा होते. त्याआधी एकच गोष्ट विचारावी: कागद शेवटचा कधी बदलला? बहुतेक वेळा कळतं, की मशीनच्या खोक्यातून आलेला कागदच अजून लावलेला आहे.

सँडर म्हणजे कागद हलवणारी मोटर. लाकूड कापायचं काम तिचं नव्हेच, ते कागदावरच्या कणांचं. रंध्याचं पातं बोथट झालं की सुतार ते काढून दगडावर परजतो. पटाशीलाही तो अधूनमधून धार लावतो. कागदाला मात्र धार लावता येत नाही. ती गेली की कागद बदलायचा, एवढाच उपाय. कागद कधी आणि कसा बदलायचा हे ज्याला कळलं, त्याला सँडर वापरायची निम्मी विद्या आली असं मी खुशाल म्हणेन.

नागपूरकरांना हा विषय जवळचा वाटावा, कारण इथल्या घरांत साग आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतला साग लाकडाच्या बाजारात आजही ‘सीपी टीक’ म्हणून ओळखला जातो. नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं, त्या काळापासूनची ही ओळख. महाराष्ट्र वनविकास महामंडळाचं मुख्यालय नागपुरात आहे. त्यांनी मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी सागाचं लाकूड पाठवलं, ते बल्लारशाहून. त्याच वर्षी मे महिन्यात उद्घाटन झालेल्या दिल्लीच्या नव्या संसद भवनातही नागपूरहून नेलेला साग वापरला आहे. शहरात लाकूड घ्यायचं तर पाय आपोआप लकडगंजकडे वळतात. महाल आणि इतवारीतले जुने वाडे पाडले जातात तेव्हा त्यांची सागवानी दारं, चौकटी, खिडक्या विकायला निघतात, आणि लोक त्या हौसेनं घेऊन पुन्हा उजळवतात. हे उजळवणं म्हणजे मुख्यतः घासाई. सागाची घासाई कागदाची खरी परीक्षा घेते. का, ते पुढे येईलच.

२. कागदावर नेमकं काय असतं?

दुकानात आपण ‘पॉलिश पेपर’ मागतो, कोणी ‘रेगमाल’ म्हणतं. त्यात तीन गोष्टी असतात: खालचा आधार, त्यावर घासणाऱ्या कणांचा थर आणि दोघांना धरून ठेवणारा चिकट पदार्थ.

आधार कागदाचा असतो किंवा कापडाचा. कागदाच्या जाडीला इंग्रजी अक्षरांनी ओळखतात. ‘ए’ सगळ्यात हलका. तिथून पुढे जाडी वाढत ‘एफ’पर्यंत जाते. हातानं कोपऱ्यात घासायला हलका, लवचीक कागद बरा. मशीनवर तोच लावला तर पाच मिनिटांत फाटेल. तिथे ‘सी’, ‘डी’ किंवा त्याहून जाड लागतो. पट्ट्याच्या सँडरला तर कापडच लागतं, कारण पट्टा दोन रुळांवर ताणलेला असतो आणि नुसता कागद तो ताण सोसत नाही.

चिकट पदार्थाचे दोन थर देतात. पहिल्या थरात कण रोवले जातात, दुसरा त्यांच्यावरून बसतो आणि त्यांना मुळाशी घट्ट धरतो. पूर्वी यासाठी जनावरांच्या हाडा-कातड्यांचा सरस वापरत. सरस उष्णतेनं मऊ होतो, ओलाव्यानं सुटतो. यंत्रावर कागद तापतो, म्हणून आता कृत्रिम राळ वापरतात. कारखान्यात कण चिकटवतानाही एक सुंदर युक्ती असते. विजेच्या दाबानं कण खालून वर उडवतात, आणि उडताना ते लांबीच्या दिशेनं उभे राहतात. कागदाला चिकटतात तेव्हा त्यांची टोकं बाहेर असतात. नव्या कागदावरून हलकेच बोट फिरवलं तर जो चावरा स्पर्श होतो, तो या उभ्या टोकांचा.

आता कणांबद्दल. लाकडासाठी बहुतेक कागदांवर अॅल्युमिनियम ऑक्साइड असतं. हे तपकिरी कण टणक आणि चिवट असतात. दुसरा प्रकार सिलिकॉन कार्बाइडचा. एडवर्ड अॅचेसन या अमेरिकन संशोधकाला तो १८९१ मध्ये विजेच्या भट्टीत गवसला. तो कृत्रिम हिरे बनवायच्या खटपटीत होता. हे काळे कण अधिक टणक आणि धारदार असतात, पण ठिसूळही. पाण्यात भिजवून वापरायचा काळा कागद याच कणांचा असतो. भिंतीची पुट्टी, गाडीचा रंग, पॉलिशच्या दोन हातांमधली हलकी घासाई ही त्याची कामं. कोरड्या सागावर मशीन चालवायचं असेल तर तपकिरी कागद घ्यावा.

हे सगळं परदेशातून येत असेल, असं अनेकांना वाटतं. पण तसं नाही. ग्राइंडवेल या कंपनीनं घासणीची चाकं बनवायला सुरुवात केली ती १९४१ साली, उरणजवळच्या मोरा इथे. पुढे अमेरिकेच्या नॉर्टन कंपनीशी सहकार्य झालं आणि नाव ग्राइंडवेल नॉर्टन झालं. त्यांचा एक कारखाना नागपूरजवळही आहे. मद्रासला १९५४ मध्ये कार्बोरंडम युनिव्हर्सल उभी राहिली. इतवारीच्या लोहा ओळीत हार्डवेअरच्या दुकानात शिरलात तर दोन्हींचा माल सहज मिळावा.

३. मागे छापलेला आकडा

कागद उलटा केला की ‘पी ८०’, ‘पी १२०’ असे आकडे दिसतात. आकडा मोठा तितका कागद बारीक. नव्या माणसाला हे उलटं वाटतं; मोठा आकडा म्हणजे जास्त खरखरीत, अशी समजूत होते. आकड्याचा उगम चाळणीत आहे. एका इंचात जितकी भोकं, तितका चाळणीचा आकडा. भोकं जास्त म्हणजे ती बारीक, म्हणून त्यातून पडणारे कणही बारीक. आज प्रमाणित कोष्टकं आहेत, आणि फारच बारीक कण तर पाण्यात किती वेगानं खाली बसतात यावरून मोजतात, पण दिशा तीच राहिली आहे.

कणांची सरासरी जाडी पाहिली की गोष्ट डोळ्यांपुढे येते. पी ८० चा कण सुमारे ०.२ मिलीमीटरचा असतो. पी १२० चा ०.१२५, पी १८० चा ०.०८२ आणि पी २४० चा ०.०५८. म्हणजे प्रत्येक पायरीला कण आधीच्या साधारण दोन तृतीयांशावर येतो.

या पायऱ्या कशासाठी? प्रत्येक कागद लाकडावर आपल्या कणाच्या मापाचे ओरखडे पाडतो. पुढच्या कागदाचं काम असतं आधीचे ओरखडे पुसून स्वतःचे, अधिक उथळ ओरखडे सोडणं. समजा, तुम्ही पी ८० नं जुनं पॉलिश काढलं आणि घाईनं थेट पी २४० लावला. आता ०.०५८ मिलीमीटरच्या कणाला ०.२ मिलीमीटरच्या कणानं पाडलेले चर काढायचे आहेत. तो ते काढत नाही, चरांच्या कडा फक्त गुळगुळीत करतो. हाताला लाकूड मऊ लागतं आणि आपण खूश होतो. मग पॉलिशचा पहिला हात मारला की रंग त्या चरांत उतरतो, आणि दारभर बारीक गोल रेघा उमटतात. ८०, १२०, १८० असं चढत गेलं तर तीन कागद लागतात, पण एकूण वेळ कमीच जातो. सागाच्या दाराला पॉलिश करायचं असेल तर पी १८० वर थांबलं तरी चालतं. टेबलाच्या वरच्या फळीसाठी हवं तर पी २४०.

४. धार जाते म्हणजे काय होतं?

सुरुवातीला थोडा हिशोब. गोल डिस्कच्या नेहमीच्या सँडरचं पॅड दोन हालचाली करतं. एक, ते स्वतःभोवती सावकाश फिरतं. दुसरी हालचाल महत्त्वाची: पूर्ण पॅड एका छोट्या वर्तुळात थरथरतं. वर्तुळाचा व्यास अडीच मिलीमीटर आणि वेग मिनिटाला १२,००० फेऱ्या धरू. बऱ्याच मशीनांचे आकडे याच्या जवळपास असतात. एका फेरीत कण सुमारे ७.८५ मिलीमीटर चालतो. १२,००० फेऱ्यांत ९४ मीटर. म्हणजे दहा मिनिटांत कागदावरचा प्रत्येक कण लाकडावर जवळजवळ एक किलोमीटर घासला जातो. हातानं घासताना एवढं अंतर कापायला कितीतरी वेळ लागला असता. मशीनचा कागद लवकर संपतो तो यामुळे.

कागद निकामी होण्याच्या दोन तऱ्हा आहेत, आणि त्या वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. स्वयंपाकघरातली किसणी आठवा. गाजर किसताना तिच्या भोकांत लगदा अडकला तर ती चालेनाशी होते, पण झटकून धुतली की पुन्हा चालते. दात झिजलेली किसणी मात्र कितीही धुवा, किसतच नाही. कागदाचंही असंच: तो एकतर चोंदतो, नाहीतर झिजतो.

चोंदलेला कागद नजरेला कळतो. कणांमधल्या जागा भुशानं किंवा जुन्या पॉलिशनं भरलेल्या असतात आणि त्यावर तकतकीत डाग दिसतात. सागात मुळातच तेल असतं, त्यामुळे त्याचा भुसा कोरडा न राहता कागदाला धरून बसतो. जुन्या फर्निचरवर लाखेचं फ्रेंच पॉलिश असेल तर आणखी त्रास. लाख गोंदियाकडची असो की आणखी कुठली, ७०-७५ अंशांच्या आसपास ती मऊ पडते. सँडरच्या घर्षणानं तेवढी उष्णता सहज तयार होते, लाख वितळते आणि कागदावर गुठळ्या होऊन गोठते. अशी गुठळी पुढे लाकडावर डुकराच्या शेपटीसारखी वेटोळी रेघ ओढत जाते. जुनं लाखेचं पॉलिश आधी स्पिरिटनं, नाहीतर पात्यानं खरवडून काढावं, आणि उरलेल्यावरच सँडर लावावा. कागद किती वाचतात ते लगेच जाणवेल.

चोंदणं टाळायला दोन सोयी असतात. काही कागदांवर कण विरळ पेरलेले असतात, म्हणजे भुशाला बाहेर पडायला वाट राहते. दुसऱ्या प्रकारच्या कागदावर साबणासारख्या पदार्थाचा पांढुरका लेप असतो. भुसा त्याला नीट चिकटत नाही. सागासाठी पांढुरक्या लेपाचा कागद दोन रुपये महाग पडला तरी घ्यावा. चोंदलेला कागद साफही करता येतो. क्रेप रबराचा ठोकळा त्यासाठी मिळतो, आणि जुन्या बुटाचा क्रेप सोलही तेच काम करतो. फिरत्या कागदाला तो टेकवला की रबर भुसा ओढून घेतं.

झिजलेला कागद ओळखणं अवघड, कारण दिसायला तो स्वच्छ असतो. कणांची टोकं गोल झालेली असतात. सागाच्या लाकडात सिलिका, म्हणजे वाळूत असतं तेच द्रव्य, बारीक प्रमाणात असतं. पोलादी रंध्याची धार साग लवकर घालवतो अशी सुतारांची जुनी तक्रार आहे. कागदावरही त्याचा परिणाम होतो. गोल टोकं लाकूड कापत नाहीत, दाबतात आणि तापवतात. पृष्ठभाग घोटला जातो, चमकायला लागतो. ही चमक फसवी असते, कारण घोटलेल्या लाकडात रंग आणि पॉलिश नीट शिरत नाही आणि दारावर फिके-गडद पट्टे राहतात.

इथे एका गैरसमजाबद्दल बोललंच पाहिजे, कारण त्यापायी पुष्कळ चांगलं लाकूड बिघडतं. झिजलेला पी ८० हा पी १२० चं काम करतो, असं कामावर सर्रास म्हटलं जातं. तसं होत नाही. कागदावरचे सगळे कण सारखे झिजत नाहीत. काही बोथट होतात, काही तुटून नव्यानं टोकदार होतात, काही पूर्ण उंचीचे तसेच राहतात. असा कागद बहुतेक ठिकाणी घोटतो आणि मधूनच पी ८० च्याच खोलीचा ओरखडा ओढतो. म्हणजे दोन्ही बाजूंनी नुकसान. जुना पी ८० वाटल्यास हातानं कडा मोडायला ठेवा, पण पी १२० च्या जागी लावू नका.

कागद बदलायची वेळ ठरवायला पेन्सिल पुरते. घासायच्या भागावर हलक्या तिरप्या रेघा मारा आणि मशीन फिरवा. नव्या कागदानं त्या किती वेळात पुसल्या जातात ते लक्षात ठेवा. पुढे तेवढ्याच भागाला दुप्पट वेळ लागायला लागला की कागद बदला. आणखी एक खूण हातातच असते: आपण नकळत मशीनवर जोर द्यायला लागतो. चांगल्या कागदाला मशीनच्या स्वतःच्या वजनापेक्षा फारसा दाब लागत नाही. दाबावं लागतंय याचा अर्थ कागद संपला. दाबल्यानं मोटर तापते, पॅड खराब होतं आणि लाकूडही खड्ड्यात जातं.

५. कागद वाचवून पैसे वाचतात का?

हिशोबापुरते आकडे घेऊ. समजा, गोल डिस्क १५ रुपयांची आहे आणि कारागिराची मजुरी आठ तासांना ९०० रुपये. ४८० मिनिटांना ९०० म्हणजे मिनिटाला जवळजवळ १ रुपया ९० पैसे. १५ रुपयांत कारागिराची आठ मिनिटं येतात. बोथट कागदानं त्याची आठ मिनिटं जास्त गेली की कागदाची वाचलेली किंमत तिथेच संपली. त्यापुढचं प्रत्येक मिनिट तोट्याचं. स्वतः घासणारा स्वतःच्या वेळेला मजुरी लावत नाही, पण खांदा आणि मनगट त्याचंच दुखतं. घरी काम काढताना एका दारासाठी एक डिस्क असं धरून बसू नये. प्रत्येक आकड्याच्या चार-पाच आणून ठेवाव्यात, मग बदलताना हात आखडत नाही.

६. कोणत्या सँडरला कोणता कागद, आणि बसवायचा कसा?

कोणताही कागद बदलण्याआधी मशीनचा प्लग बोर्डातून काढायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. बऱ्याच सँडरना बटण दाबून अडकवून ठेवायची सोय असते. ते चुकून अडकलेलं राहिलं आणि प्लग लावला, तर मशीन टेबलावरून उडी मारतं.

सगळ्यात साधा सँडर चौकोनी पॅडचा. याला बाजारातला सुटा कागद चालतो. पूर्ण ताव २३० गुणिले २८० मिलीमीटरचा असतो, म्हणजे नऊ इंच बाय अकरा इंच. त्याचे चार भाग केले की प्रत्येक भाग ११५ गुणिले १४० चा. ‘पाव ताव’ सँडरचं पॅड साधारण १०२ गुणिले ११२ चं असतं. लांबीत १४० मधून ११२ गेले, २८ उरले. दोन्ही टोकांना चौदा-चौदा मिलीमीटर, आणि तेवढा भाग चिमट्यात धरायला लागतोच. लांबट पॅडच्या मशीनला तावाचे तीन भाग करायचे: २८० भागिले तीन, म्हणजे ९३ गुणिले २३० ची पट्टी. पॅड १८५ लांब असेल तर टोकांना बावीस-बावीस मिलीमीटर राहतात. आपल्या मशीनचं पॅड पट्टीनं मोजा आणि हा हिशोब एकदा करून ठेवा. तयार कापलेले महाग कागद घ्यायची गरज राहत नाही.

ताव कात्रीनं कापू नका, कात्रीची धार जाते. सुतार एका फळीवर हॅकसॉचं जुनं पातं ठोकून ठेवतात. ताव त्याखाली सरकवायचा, कणांची बाजू खाली, आणि पात्याच्या दातांवरून वर ओढून फाडायचा. कड सरळ येते.

लावण्याआधी कागदाची पाठ टेबलाच्या कडेवरून दोन्ही दिशांनी एकदा ओढून घ्या. राळेचा थर थोडा मोडतो, कागद लवचीक होतो आणि चिमट्यापाशी तडकत नाही. मग एक टोक एका चिमट्यात घट्ट अडकवा, कागद पॅडवरून ताणून घ्या, ताण न सोडता दुसरं टोक दुसऱ्या चिमट्यात सरकवा. सगळी मेख या ताणात आहे. कागद सैल राहिला तर पॅड आत थरथरतं आणि कागद जागीच राहतो. लाकूड घासलं जात नाही, कागद मध्येच सुरकुततो आणि फाटतो. ‘मशीन चालत नाही’ या तक्रारीमागे कितीदा तरी एवढंच असतं.

गोल डिस्कच्या सँडरला हा खटाटोप नाही. डिस्कच्या पाठीवर मऊ लव असते आणि पॅडवर बारीक प्लास्टिकचे आकडे. दाबलं की एकमेकांत अडकतात. ही कल्पना स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्ट्रल यांना १९४१ मध्ये सुचली. फिरून आल्यावर कुत्र्याच्या केसांत अडकलेली काटेरी बोंडं त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली होती. डिस्क काढताना एका कडेपासून हळूहळू सोलायची. मशीन नुकतंच बंद केलं असेल तर दोन मिनिटं थांबावं, कारण गरम आकडे मऊ असतात आणि ओढल्यानं सरळ होतात. नवी लावण्याआधी पॅडवरचा भुसा जुन्या टूथब्रशनं झाडायचा. डिस्क मधोमध बसली पाहिजे. एका बाजूला सरकली तर मशीन हातात थडथडतं.

पट्ट्याच्या सँडरला बाजूची खटकी ओढली की पुढचा रूळ मागे येतो, पट्टा सैल पडतो आणि निघतो. पट्ट्याच्या आतल्या बाजूला बाण असेल तर मशीनवरच्या बाणाच्या दिशेनंच चढवावा. उलटा चढवला तर जोडाची कड लाकडाला अडून उकलते. ज्यांच्यावर बाण नाही असे पट्टे कोणत्याही बाजूनं चालतात. चढवल्यावर मशीन हवेत धरून क्षणभर सुरू करा. पट्टा एका कडेला सरकत असेल तर बाजूचं बटण फिरवून तो मध्ये आणा, आणि मगच लाकडाला टेकवा.

७. भोकं आणि धूळ

डिस्कला भोकं असतात ती धूळ ओढायला. १२५ मिलीमीटरच्या डिस्कला बहुधा आठ, काही मशीनांना पाच. पॅडच्या भोकांवर डिस्कची भोकं तंतोतंत यायला हवीत. झाकली गेली तर भुसा कागदाखालीच राहतो, कण त्याच्यावरून घसरतात आणि कागद अर्ध्या वेळात चोंदतो. चौकोनी मशीनसोबत भोकं पाडायची प्लास्टिकची थाळी येते. पुष्कळ घरांत ती खोक्यातच पडून असते. कागद बसवल्यावर मशीन तिच्यावर दाबलं की एका झटक्यात सगळी भोकं पडतात. ती नक्की वापरावी.

धुळीचा प्रश्न कागदापुरता नाही. इंग्लंडमधल्या हाय विकम या फर्निचरच्या गावी १९६० च्या दशकात डॉक्टरांच्या लक्षात आलं, की लाकूडकाम करणाऱ्यांत नाकाच्या पोकळीचा एक दुर्मीळ कर्करोग फार आढळतो. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्ये लाकडाची धूळ माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरली. सागाची धूळ काहींना त्वचेवर खाज आणि दमाही देते. तोंडाला ओला रुमाल बांधणं पुरेसं नाही. एन-९५ मास्क लागतो. मशीनची पिशवी निम्मी भरली की रिकामी करा, आणि नवा कागद लावताना ती झटकायची सवय ठेवा.

वाड्यातून आलेल्या दारावर जुना तैलरंग असेल तर त्याला कोरडा सँडर लावूच नका. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे दहा लाख भागांत ९० भाग अशी मर्यादा आहे, आणि ती १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. सँडर त्याची पूड करून घरभर पसरवतो, आणि लहान मुलांच्या मेंदूला ती घातक असते. असा रंग रासायनिक रिमूव्हरनं मऊ करून खरवडावा. सँडर चालवायचा तो खालचं लाकूड उघडं पडल्यावर.

८. कागद ठेवायचा कुठे?

नागपुरात हवा दोन्ही टोकं गाठते. २०१३ च्या मे महिन्यात इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. तीन महिन्यांनी त्याच शहरात भिंती ओल धरतात. कागदाच्या एका बाजूला राळेचा थर, दुसरी उघडी. उघडी बाजू ओल पिते आणि फुगते, राळेची बाजू फुगत नाही, म्हणून ताव गुंडाळीसारखा वळतो. उन्हाळ्यात उलट दिशेनं वळतो आणि ठिसूळ होतो. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा भिंतीला टेकून न ठेवता घरात, सपाट, झाकणाच्या डब्यात ठेवावेत, वर थोडं वजन. पट्टे टांगताना बारीक खिळ्यावर टांगू नका, तिथे कायमची घडी पडते. जाड नळीवर टांगा.

९. नवी डिस्कही चिकटत नसेल तर?

डिस्क चालू मशीनमधून सुटून भिरकावली जात असेल, आणि नवी लावूनही तेच होत असेल, तर दोष कागदात नाही. पॅडवरचे प्लास्टिकचे आकडे वितळलेत. बोटानं तपासा: कडेला टोचतात आणि मधे गुळगुळीत लागतं, किंवा उलट. मशीन तिरकं धरून कडेनं दाबत राहिलं की तेवढ्याच भागात उष्णता साठते आणि कडेचे आकडे आधी जातात. खूप वेळ जोर देऊन घासलं तर मधले. अशा पॅडवर गोंद लावून डिस्क चिकटवायचा प्रयोग करू नये. पुढची डिस्क काढताना पॅडच फाटतं.

पॅड ही सुटी मिळणारी वस्तू आहे आणि ते बदलणं कठीण नाही. प्लग काढा, पॅड मधल्या स्क्रूंवर बसलेलं असेल ते खोला, रबराची ब्रेक-कडी असेल तर तीही झिजली आहे का बघा; ती झिजली की पॅड हवेत धरल्यावर सुसाट फिरतं आणि लाकडाला टेकताच गोल खड्डा पाडतं. नवं पॅड घेताना मशीनचा मॉडेल क्रमांक सोबत न्यावा आणि व्यास, भोकांची संख्या, स्क्रूंच्या जागा तिन्ही जुळवून पाहाव्यात. १२५ मिलीमीटरचं प्रत्येक पॅड १२५ मिलीमीटरच्या प्रत्येक मशीनला बसत नाही.